टिटवी शेवटाला अडते

४ ऑक्टोबर

आपा,

सलाम. फोनच करणार होते, पण आमच्याकडे फोन उचलला की आधी सासूबाईंचे कान उचलले जातात, आणि तुझ्या टेकडीवर तो अर्धा वेळ लागतच नाही. म्हणून दुकानात बसून लिहिते आहे. औषधांच्या कपाटामागे निदान कोणी डोकावत नाही.

टिटवी उन्हाळ्याच्या सुट्टीला आली होती तेव्हाच बोलणार होते, गप्प बसले. आता राहवत नाही. तिचे हात पाहिलेस का तू? तळव्यांना घट्टे पडलेत, नखांत माती, मान रापलेली. विचारलं तर म्हणाली, वाफे करतो, तण काढतो, हौदाचं पाणी झाडांना घालतो. ह्यांनी तिचा तळवा आपल्या तळव्याला लावून बघितला आणि म्हणाले, माझ्याकडे पत्र्याच्या पेट्या ठोकायला ठेवली असती तरी एवढे घट्टे पडले नसते. ते हसले. मला काही हसू आलं नाही.

पोरीला तुझ्या शाळेत पाठवली ती हिफ्ज करायला, सगळं कुराण तोंडपाठ करून यायला. बागकाम शिकायला नाही. कशी पाठवली तेही तुला माहीत आहे. खाली कारखान्यात दिवसभर हातोडी, वर दोन खोल्यांत आम्ही चौघं. पोरगी सकाळी दोन ओळी पाठ करायची आणि संध्याकाळी कोरी. मशिदीशेजारच्या मकतबातल्या उस्तादांनी हात टेकले, म्हणाले या घराण्यात पाठांतराचं रक्तच नाही. सासूबाईंनी लगेच मान डोलावली, कारण त्यांच्या लेकाला नमाजेपुरतं शिकवतानाही म्हणे उस्ताद पळून गेले होते. तेव्हा तूच मध्ये पडलीस. म्हणालीस, रक्ताबिक्ताचं काही नसतं, प्रत्येक मूल निर्मळ फितरत, निर्मळ मूळ स्वभाव घेऊन येतं, पुढं माहौल मिळेल तसं घडतं. माझ्याकडे पाठव. आणि खरंच, पाहता पाहता ती इतकी पुढं गेली की उस्तादांनी आमच्या गल्लीतून जाणंच सोडलं.

पण सुट्टी संपून ती परत गेली तेव्हापासून तुझा एकच निरोप: थोडंच राहिलंय, शेवटाला अडते. हे थोडंच म्हणजे किती? मुलगी अडते आहे की कोणी अडवतं आहे? मला स्पष्ट सांग. मला तिचं लवकर पूर्ण झालेलं हवंय.

बाकी सगळं ठीक.

तुझी
धाकटी


१३ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तुझं पत्र म्हणजे तपासणीला आलेल्या साहेबाचा कागद वाटला. असो. तू लहानपणापासून अशीच, बाहुली दिली तरी आधी तिचं डोकं ओढून बघणारी.

घट्टे खुरप्याचे आहेत आणि मला त्यांची लाज वाटत नाही. मुली तण काढताना आदल्या दिवशीचा पाठ पुटपुटतात. हात कामात गुंतला की जीभ मोकळी होते, हे मी इथंच शिकले. नवीन मुलगी आली की मी तिला लगेच पाठ देत नाही. फिरू देते, आपली जागा शोधू देते. कोणी तुतीच्या झाडाखाली बसते, कोणी वरच्या कातळावर. टिटवीनं हौदाची मागची भिंत निवडली. तिथं पाणी सारखं पडत असतं. तुझ्या घरी ती हातोडीच्या दोन ठोक्यांच्या फटीत पाठ करायला शिकली होती, त्यामुळे दोन शब्द म्हणायची आणि गप्प व्हायची, जणू आता ठोका पडणार. पाण्याला ठोका नाही. हळूहळू तिचा श्वास लांब झाला. तुझ्या उस्तादांना ज्याची उणीव दिसली ते रक्त नव्हतं, शांतता होती.

आता शेवटाचं. नियम तुला ठाऊक आहे. मुलीनं पहिल्या अध्यायापासून अखेरपर्यंत सगळं माझ्यासमोर म्हणायचं, शेवटची छोटी सूरह संपली की दुआ करायची, हिफ्ज पूर्ण. टिटवी ज्या लांबलचक सूरहमध्ये माझीही जीभ वळत नाही त्या घसरगुंडीवरून यावं तशा म्हणते. आणि अखेरच्या इवल्याशा सूरह, ज्या तिला दुधाचे दात पडायच्या आधीपासून येतात, तिथं येऊन थांबते. "विसरले, खाला." एकदा झालं, दोनदा झालं, मी थकवा समजले. पण विसरलेलं मूल कसं दिसतं ते मला कळतं गं. ते छताकडे बघतं, भुवया चढवतं, शब्द शोधतं. ही खाली बघते.

शिवाय सुट्टीहून आल्यापासून ती हसत नाही. घरून काही निरोप आला का, एवढंच विचारते. तेव्हा आता मी विचारते, आणि तूही सरळ सांग. सुट्टीत घरी काय झालं?

तुझी
आपा


२१ ऑक्टोबर

आपा,

घरी काहीही झालेलं नाही. आली, जेवली, आजीचे पाय चेपले, बापाच्या कारखान्यात बिजागऱ्या मोजल्या, परत गेली. तुझ्या शाळेतलं पोर अडलं की दोष आईच्या घराला, आणि पुढं गेलं की श्रेय तुझ्या तुतीच्या झाडाला. हिशोब छान आहे.

सासूबाई काय म्हणतात सांगू? त्या म्हणतात, अगं, तुझी बहीण पोरीला सोडणारच नाही. पूर्ण झालं की मुलगी घरी येणार, मग तिच्या टेकडीवर उरतं कोण? मी त्यांना गप्प केलं. पण रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतंय, तर लिहून टाकते. तुला मूल नाही. मेहुणे गेल्यापासून तू एकटी. टिटवीनं तुला अम्मी म्हणावं असं तुला कधी वाटलं नाही, असं सांगू शकशील?

तिला घरातलं काही विचारत बसू नकोस. कोवळं पोर आहे, काहीतरी जुळवून सांगेल. थंडी वाढायच्या आत तिचं पूर्ण करून घे. का ते विचारू नकोस, मला पुढची काही कामं त्यावर ठरवायची आहेत. मी दुकानातही आता अर्धा दिवसच जाते, मालकांनी काउंटरमागे बसायला स्टूल दिलंय, तेव्हा माझ्याकडे लिहायला वेळ आहे, उत्तराची वाट बघेन.

धाकटी


१९ नोव्हेंबर

धाकटे,

महिना होत आला, लिहिलं नाही. तुझं पत्र वाचून मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं, म्हणजे रोज दिसू नये. तू विचारलंस त्याचं उत्तर देते. हो, वाटलं. एकदा ती तापानं फणफणली होती आणि झोपेत तिनं माझं बोट धरलं, तेव्हा वाटलं. त्यासाठी मी तिचा पाठ अडवीन असं तुला वाटलं, हे मात्र मला नवं आहे.

आता जे बघितलं ते सांगते, मग तूच ठरव.

परवा दुपारी मी हौदाची जाळी साफ करायला गेले. पाला अडकून पाणी तुंबलं होतं. भिंतीच्या पलीकडे टिटवी म्हणत होती. एकटीच. एकही चूक नाही, आवाज असा खणखणीत की मी पाल्याची मूठ तशीच धरून उभी राहिले. ज्या छोट्या सूरह ती माझ्यासमोर विसरते त्या सगळ्या एकामागून एक आल्या. शेवटची आली. तिच्याही अखेरच्या ओळीशी ती आली. आणि तिनं दोन्ही हात तोंडावर दाबले. एखादा शब्द बाहेर पडून फुटेल असं तोंड धरून बसली होती. मग उठली, चेहरा धुतला, मुलींत जाऊन मिसळली. संध्याकाळच्या नमाजेत तीच सूरह तिनं सहज म्हटली.

म्हणजे येत नाही हा प्रश्नच मिटला. ती मला फसवते आहे, आणि फसवायचा तिचा स्वभाव नाही. कोणीतरी तिला तसं वागायला भाग पाडलंय. मी तिला जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, मला इथं राहू दे ना खाला, मी अजून चांगलं पाठ करते.

पूर्ण झालं की घरी जावं लागणार, त्याचीच तिला धास्ती आहे, हे मला दिसतंय. तू घरातलं विचारू नको म्हणतेस, उत्तरं टाळतेस. तेव्हा मी नाइलाजानं विचारते. दिवसभर पत्र्यावर चालणारा हात घरातही चालतो का? टिटवीवर, किंवा तुझ्यावर? खरं काय ते कळल्याशिवाय मी मुलीला पाठवणार नाही.

आपा


२५ नोव्हेंबर

आपा,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. ते खाली गेले आणि कारखाना बंद करून आले. भरदिवसा, मागणी पडून असताना.

तू ज्या माणसाबद्दल हे लिहिलंस त्यानं टिटवी लहान असताना पाठ करायला बसली की हातोडीला चिंध्या गुंडाळल्या होत्या. त्यानं पत्र्याला पोचे पडायचे, गिऱ्हाईक बोंबलायचं, तरी गुंडाळायचा. पोरीवर सोड, त्यानं आजवर मांजरावर हात उगारलेला नाही. तुझ्या टेकडीवर राहून तुला माणसं दिसेनाशी झालीत, फक्त झाडं दिसतात.

शनिवारी ते गाडी घेऊन येतील. तिचं सामान बांधून ठेव. पूर्ण झालं नाही तरी चालेल. इतका संशय घेऊन बहिणीच्या दारात मुलगी ठेवायची नाही मला.

धाकटी


३ डिसेंबर

धाकटे,

आधी माफी मागते, मग बाकीचं. तुझे हे शनिवारी आले. सगळ्या टेकडीला ऐकू जाईल एवढा खडखडाट करत पेट्यांची गाडी वर चढवली आणि उतरल्यावर मला सलाम करून म्हणाले, आपा, चहा मिळेल का, थंडी आहे. माझी मान वर होईना. त्या माणसाबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते.

टिटवी पळत आली. मला वाटलं होतं, घाबरेल, माझ्यामागे लपेल. त्यांनी तिला सांगितलं, चल बेटा, घरी जाऊ. ती तिथंच थबकली. "पूर्ण झालं नाही, अब्बा." ते म्हणाले, राहू दे, नाही झालं तर नाही झालं. आणि धाकटे, ती हसली. सुट्टीनंतर पहिल्यांदा. उड्या मारत सामान बांधायला गेली, जाताना एका मुलीला धक्का देऊन खिदळलीसुद्धा.

मी चहा टाकायचा विसरले. घराची भीती असती तर ती हसली असती का? मग भीती पूर्ण होण्याची होती. सगळ्या पाठाअखेरच्या त्या ओळीची; नमाजेत सुटी म्हटली तर त्यानं पाठ पूर्ण होत नाही. मी तिच्या मागोमाग खोलीत गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी बाजूला बसून दुसरी बाही धरली आणि विचारलं, टिटवे, ती ओळ म्हटली की काय होईल?

घडी नीट झाली, मग दुसरी झाली. मग तिनं सांगितलं.

"अम्मी मरेल."

कुठून काढलंस हे, म्हटलं. तर म्हणाली, सुट्टीत दुपारी मी पाणी भरायला उठले होते. अम्मी आतल्या खोलीत दुआ मागत होती, रडत होती. म्हणत होती, टिटवीचं पूर्ण होईपर्यंत मला ठेव. एवढंच दे, मग ने.

आपण सगळे म्हणतो ना, मागितलेलं तो ऐकतो. मीच हिला शिकवलंय. तिनं ते खरं मानलं. तू मुदत मागितलीस आणि ती मुदत तिच्या तोंडात होती, म्हणून तिनं तोंड दाबून धरलं. सहा महिने ती तुला जिवंत ठेवते आहे, धाकटे.

मी बाहेर आले आणि तुझ्या ह्यांना हे सांगितलं. वाटलं, हसतील, म्हणतील पोरांचं काय. ते गाडीच्या दोरीला गाठी मारायला लागले. मारलेली गाठ पुन्हा सोडायचे, पुन्हा मारायचे. मी विचारलं, धाकटी बरी आहे ना? म्हणाले, आपा, मला शपथ घातली आहे. आणि मुलीला न घेताच गेले, म्हणाले तिला विचारून सांगतो.

आता मी विचारते. स्टूल कशाला लागतं तुला?

आपा


७ डिसेंबर

आपा,

पोटात गाठ आहे. उन्हाळ्यात कळली. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते कापून काढू या, उशीर करू नका. काढल्यावरच कळेल कसली आहे. मी औषधांच्या दुकानात इतकी वर्षं काढली, लोकांच्या चिठ्ठ्या वाचून मला अर्धं आधीच कळतं. माझी चिठ्ठी वाचली आणि मी ठरवलं, टिटवीचं पूर्ण होऊ दे, मग टेबलावर जाईन. न उठले तर निदान तिचं राहिलेलं काही नसेल. म्हणून तारीख पुढं ढकलत गेले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा डॉक्टरांनी जबाबदारीचा कागद सहीसाठी माझ्यापुढं सरकवला आणि पुढचा पेशंट बोलावला.

तुझं पत्र वाचून कळलं. मी तिच्यासाठी थांबले होते आणि ती माझ्यासाठी. दोघी एकमेकींना वाचवत बसलो आणि गाठ वाढत बसली.

तुला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी इथं उभी राहून सगळं हातात घेतलं असतंस. मी लहान झाले असते. आणि तुझ्या आवाजावरून टिटवीला कळलं असतं. त्यापेक्षा तुझ्यावर संशय घेणं सोपं होतं. घट्ट्यांचं काय घेऊन बसले होते मी, मला भीती होती की वेळ पुरणार नाही, आणि ती कोणावर तरी काढायची होती. मूल नाही म्हणून लिहिलं ते मात्र भीतीतून नाही, दुष्टपणातून लिहिलं. ते वेगळं धर.

आता तिला तूच समजाव. तुझं ती ऐकते.

धाकटी


१० डिसेंबर

धाकटे,

नाही. मी समजावणार नाही. ती दुआ तिनं तुझ्या तोंडून ऐकली आहे, ती तुझ्याच तोंडून सुटायला हवी. मी कितीही सांगितलं की आयुष्याची दोरी अशी पोरीच्या पाठाला बांधलेली नसते, तरी तिला वाटेल खाला अम्मीला काय ओळखते.

पण त्याआधी डॉक्टरांकडे जा आणि तारीख घे. पूर्ण होण्याची वाट बघायची नाही. तारीख घेतलीस की तो कागद घेऊन इकडे ये. गाडीचे हादरे सोसणार नसतील तर गादी घालून या, तुझ्या ह्यांना सांगून ठेवलंय.

मी रोज त्या हौदाकडे बघते आहे. इतकी वर्षं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आले की मुलांना माहौल द्या, झाड द्या, वारा द्या, मग बघा. वारा दिला मी. आणि तिचा कान मात्र सगळा वेळ तुझ्या आतल्या खोलीच्या दाराला लागलेला होता. माझ्या समोर बसून. मला दिसलं ते एवढंच की ती खाली बघते.

दुष्टपणाचं लिहिलंस ते वेगळं धरलं आहे. त्याबद्दल भेटल्यावर भांडू.

आपा


१७ डिसेंबर

आपा,

दवाखान्यातून लिहिते. पलंग खिडकीकडचा मिळालाय. उद्या सकाळी घेऊन जाणार आहेत. हे बाहेर बाकावर बसलेत, नर्सनं दोनदा उठवलं तरी पुन्हा तिथंच.

परवा तू आम्हाला हौदामागं सोडून मुद्दाम स्वयंपाकघरात गेलीस, तेव्हा काय झालं ते तुला सांगायचं राहिलं. मी तिला तारखेचा कागद दाखवला, सगळं सांगितलं. गाठ कुठं आहे ते तिचा हात लावून दाखवलं. तिनं हात पटकन मागं घेतला, मग पुन्हा आपणहून लावला. मी म्हटलं, बेटा, मी चुकीचं मागितलं. मी सौदा केला. देणारा काही दुकानदार नाही की इतकं दिलं तर इतकं घेईन. तू म्हण किंवा नको म्हणू, माझं जे व्हायचं ते तुझ्या हातात नाही, कधीच नव्हतं.

तिनं माझ्याकडे न बघता विचारलं, "मग आता काय मागतेस?"

मी म्हटलं, आता नुसतं म्हणते, मला राहायचं आहे.

"कधीपर्यंत?"

कधीपर्यंत ते बोलायचं सोडलंय, म्हटलं.

ती रडेल, गळ्यात पडेल असं मला वाटलं होतं. तिनं फक्त माझी ओढणी नीट केली आणि म्हणाली, "आजीलाही तुम्ही 'काही नाही, बरी आहे' असंच सांगितलं होतं." म्हणजे विश्वास ठेवला नाही तिनं. आणि का ठेवावा? सहा महिने घरात सगळे तिच्याशी तोंडावर खोटं बोलले आणि बंद दाराआड खरं. ती तिथूनच शिकली.

तिला पूर्ण कर असं मी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. उद्या काहीही झालं तरी सांगू नकोस.

तुझी
धाकटी


२३ डिसेंबर

अम्मीस,

सलाम. अब्बा आले होते. म्हणाले ऑपरेशन नीट झालं, तू सूप प्यालीस आणि नर्सशी भांडलीस. खालापण म्हणाली नीट झालं. भांडलीस ते मला खरं वाटलं. बाकीचं मी अजून खरं धरलेलं नाही, कारण याआधीही तुम्ही सगळ्यांनी मिळून एकच सांगितलं होतं.

आज मी खालासमोर बसले. तिनं बोलावलं नव्हतं, ती जाळी साफ करत होती. मी म्हटलं, ऐक. राहिलेले शेवटचे पाठ म्हणायला घेतले. शेवटच्या सूरहला आले आणि थांबले. खालानं ओले हात पुसलेसुद्धा नाहीत. मग मला वाटलं, तू म्हणालीस की ते माझ्या हातात नाही. खोटं असेल तर तू पुन्हा खोटं बोललीस. खरं असेल तर मी उगाच थांबले आहे. म्हणून म्हटली. शेवटची ओळपण.

मग मी डोळे मिटून बसले. काहीच झालं नाही. पाणी पडत होतं. खालानं दुआ केली, तिचा आवाज मध्येच बसला, तिला सर्दी झाली आहे असं ती म्हणते.

आता तू लगेच लिही. अब्बांनी लिहिलेलं चालणार नाही. तू स्वतः लिही आणि वर तारीख घाल, आजची नको, ज्या दिवशी माझं पत्र मिळेल त्या दिवशीची. म्हणजे मला कळेल की मी म्हटल्यानंतर तू आहेस.

लगेच म्हणजे लगेच.

टिटवी


२८ डिसेंबर

टिटवे,

वर तारीख बघ. तुझ्या तारखेच्या नंतरची आहे आणि मी स्वतः घातली आहे. अब्बा म्हणाले मी लिहितो, तू सांग. मी पेन दिलं नाही. अक्षर वाकडं आलंय कारण उताणं पडून लिहिते आहे, कागद पोटावर ठेवता येत नाही, छातीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवलाय.

मी आहे.

गाठ काढली. ती कसली होती ते तपासायला पाठवली आहे, काही दिवसांनी कळेल. काही नाही असं मी तुला सांगणार नाही. काही आहे की नाही तेच अजून कोणाला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. कळलं की तुला लिहीन, चांगलं असो की वाईट. आधी तुला, मग आजीला. हे आजीला सांगू नकोस, घरात भूकंप होईल.

तू पूर्ण केलंस ते वाचलं तेव्हा नर्स इंजेक्शन घेऊन आली होती. तिला थांबवून मी पत्र पहिल्यापासून पुन्हा वाचलं. ती म्हणाली, एवढं काय लिहिलंय? मी सांगितलं, माझी मुलगी घाबरली होती आणि तरी तिनं म्हटलं. तिला काय कळणार, पण तिनं सुई हळू टोचली.

अब्बांनी अख्ख्या वॉर्डला सांगून झालंय. समोरच्या बाईंनी विचारलं, कोणाच्या घराण्यावर गेली? ते म्हणाले, माझ्या. मी हसले आणि टाके दुखले.

आता तू लिही. काय जेवलीस, थंडी किती आहे, खालाची सर्दी खरी आहे का. घाबरलीस तर तेही लिही, मला कळू दे. आणि वर तारीख घाल. मलाही खात्री करून घ्यायची असते.

अम्मी